करवतीची चाकं

आमच्या समोरच्या घरात खाली कारखाना आणि वर संसार, अशी सुताराची तीस वर्षं गेली. काटकोन तपासायच्या हत्याराला गुण्या म्हणतात. गल्लीनं तेच नाव त्याला ठेवलं होतं, कारण साधा पडदा लावायचा तरी तो आधी भिंत सरळ आहे का ते बघायचा.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. डावं अंग गेलं, जीभ तेवढी शाबूत राहिली. पाच महिने ती वरच्या खोलीत छताकडे बघत पडून होती. जिना इतका अरुंद की रोज तिला उचलून खाली-वर करणं शक्यच नव्हतं. तिचा भाऊ आला आणि माझ्यासमोरच म्हणाला, "दाजी, एक तर ती करवत विका आणि ताईची खाट खाली टाका. नाहीतर तिला मी नेतो. इथं कुजतेय ती."

विजेवर चालणारी ती लोखंडी करवत खोलीच्या मधोमध ठाण मांडून होती. चार माणसांनी रेटली तरी हलायची नाही. ती गेली तर काम गेलं, आणि बायको गेली तर काम करून करायचं काय? शेवटी गुण्यानं करवतीला चाकं लावायचं ठरवलं. काम असेल तेव्हा ती मध्ये आणि खाट खिडकीला खेटून. काम संपलं की करवत भिंतीशी, म्हणजे बायकोला उठवायला, अंग पुसायला जागा मोकळी.

पहिल्यांदा त्यानं चारही कोपऱ्यांना फिरती चाकं लावली. मी बघायला गेलो होतो.

"मास्तर, नुसते उभे राहा. हात लावू नका."

त्यानं फळी पात्यावर लोटली, तर फळी राहिली बाजूला, करवतच मागे सरकायला लागली. त्यानं झटकन बटण बंद केलं. वरून वहिनींचा आवाज आला, "काय पळालं हो?"

"करवत!"

"हिला बरी चाकं लावलीत! मी एवढी जड झालेय, माझं कुणाला सुचलं नाही!"

तो हसला. त्या वर्षात मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

मग महिनाभर खपून त्यानं लोखंडी चौकट जोडली. मागे दोन न वळणारी चाकं, पुढे एक फिरतं, आणि पायानं दाबायचा एक दांडा. दांडा दाबला की करवत बोटभर उचलली जाऊन चाकांवर यायची. सोडला की चार पायांवर बसायची. फरशीला दाराकडे उतार होता, म्हणून प्रत्येक पायाला खालीवर करायचा स्क्रू. शेवटी त्यानं करवतीवर काठोकाठ पाण्याचा पेला ठेवला आणि बटण दाबलं. पाणी थरथरलं, पण थेंब सांडला नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही चौघांनी वहिनींना खुर्चीत बसवून खाली आणलं. भावाला निरोप गेला, ताई इथंच राहणार.

चूक कळायला आठवडा लागला. चौकटीमुळे करवत चार बोटं उंच झाली होती. करवतीशेजारचं टेबल त्यानं तेवढंच उंच करून घेतलं; स्वतःच्या उंचीचा हिशेब मात्र त्यानं धरलाच नव्हता. तीस वर्षं त्याचा हात कोपरातून चालला होता, तो आता खांद्यातून लोटायला लागला. कापलेल्या फळ्या सूत-दोन सूत कमी भरायला लागल्या. तो पात्याला दोष देत राहिला.

"पातं नाही हो," खाटेवरून वहिनी म्हणाल्या. "आवाज अर्ध्यात अडखळतो. तुमचा हात पुरत नाही."

त्यानं पायाखाली एक अरुंद फळी घेतली. रुंद चौथरा केला असता, तर खाटेला जागा उरत नव्हती.

एका दुपारी ती फळी सरकली. त्याचा तोल गेला, लाकूड पात्यात तिरकं झालं आणि सुटून खाटेवरून जाऊन भिंतीवर आदळलं. आवाज ऐकून मी धावलो. कुणाला ओरखडाही नव्हता. गुण्या भुशात बसला होता, दोन्ही हातांची बोटं एकेक करून बघत.

"मास्तर," वहिनी म्हणाल्या, "माझ्या भावाला फोन लावा."

"अगं, मी चौकट बदलतो की. खाली घेतो."

"आज बोटं वाचली. माझ्यासाठी अशी कसरत नाही करायची. लावा, मास्तर."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. मी फोन लावला.

त्या भावाकडे गेल्याला आता आठ महिने झाले. तिकडे दुसरा झटका आला. आता त्यांचं बोलणंही कळत नाही म्हणतात. गुण्या दर रविवारी जाऊन येतो. चौकट काही त्याला खाली घेता आली नाही; त्याहून बुटकी केली की दांडा करवत उचलत नाही. खांदा इतका धरलाय की शर्टात हात घालताना कळवळतो.

परवा मी म्हटलं, "अरे, आता ती चाकं काढून टाक. करवत पहिल्यासारखी खाली बसव, खांदा तरी सुटेल."

तो फळीला खूण करत होता.

"चाकं काढली तर खाट कुठं टाकू, मास्तर?" तो म्हणाला, आणि लाकूड उचलून त्या अरुंद फळीवर चढला.