हौदाच्या पाच कळ्या

घटनास्थळ : लोहा आणि अहमदपूर या दोन तालुक्यांच्या शिवेवरील, निजामी राजवटीतील एका जहागीरदाराची जुनी बाग.
घटनेचा काळ : मार्गशीर्षातील वेळ अमावास्या आणि त्यापुढील काही दिवस.
गेलेला माल : मधल्या हौदाच्या कठड्यावरील नारळाएवढ्या पाच दगडी कमळकळ्या.
संशयित : बागेचा पहारेकरी.
साक्षीदार : नांदेडचे एक सेवानिवृत्त गुरुजी, त्यांच्या पत्नी, एक टेम्पोचालक, एक शेतकरी आणि मी स्वतः, माजी पोलीस हवालदार, हल्ली तहसील कचेरीसमोर अर्जनवीस.

सर्वांची नावे मला तोंडपाठ आहेत, परंतु येथे कोणाचेही देत नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंतच झाले असले, तरी खाकीत असताना माझ्या हातचा पंचनामा न्यायालयात कधी परत आला नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. गुडघ्याने साथ सोडली म्हणून मुदतीआधीच नोकरी सोडली. पुष्कळ गुन्हे त्या नोकरीबरोबर मागे राहिले. हा एक मात्र घरापर्यंत आला.

बाग प्रथम समजून घ्यावी. चारी बाजूंनी दगडी भिंत, आत चार वाफे, त्यांच्यामधून दगडी पाट आणि मध्ये अष्टकोनी हौद. कारंजे बंद पडलेले, पण सावली जुनीच. सुट्टीच्या दिवशी नांदेड-लातूरहून कुटुंबे येतात, शाळांच्या सहली येतात, लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी येतात. मागची भिंत हीच दोन जिल्ह्यांची हद्द आहे. भिंतीच्या आत आमच्या ठाण्याची हद्द, बाहेर लातूर जिल्ह्यातल्या ठाण्याची. ती भिंत एके ठिकाणी पडलेली असून तेथून माणूस सहज जातो-येतो.

वेळ अमावास्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूर-नांदेडची बाजारपेठ ओस पडते आणि माणसे रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करतात, कोपीत पाच दगड मांडून त्यांना चुना आणि तांबडी काव लावतात. ते पाच पांडव. त्यांना पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील आणि खिरीचा नैवेद्य दाखवतात आणि वाटेने जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. ज्यांची जमीन विकली गेली, ते दुसऱ्याच्या शेतात जातात, नाहीतर अशा बागेत येतात. त्यामुळे दरवर्षी बागेत बंदोबस्त लागे आणि त्या वर्षी तो माझ्याकडे होता.

येळवस शांततेत पार पडली. गर्दीत हौदाच्या कठड्याकडे मीही निरखून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाग सांभाळणाऱ्या खात्याचे पर्यवेक्षक बागेत आले आणि त्यांना हौदाचा कठडा बोडका दिसला. त्यांनी ठाण्यात येऊन फिर्याद दिली. आम्ही पंच घेऊन घटनास्थळी गेलो. पाचही खोबणी मोकळ्या, चुन्याचा जोड कशाने तरी उकरलेला. पहारेकऱ्याच्या खोलीची झडती घेतली, तेव्हा पटाशी मिळाली. तिच्या धारेला चुना लागलेला होता.

पहारेकरी मूळचा कोकणातला, बदलीवर आलेला. बागेच्या कोपऱ्यातील एका खोलीत तो बायकोसह राहात असे. येणारे-जाणारे त्याला मामा म्हणत. त्याला ठाण्यात बसवले. आमचे निरीक्षक साहेब पश्चिम महाराष्ट्रातले, तापट, पण अंगावर हात न टाकणारे.

"पटाशी कुणाची?"

"माझीच साहेब."

"चुना कसला लागलाय तिला?"

मामाने दाराकडे पाहिले.

"दगड कुणाला दिलेस?"

"नाय दिले साहेब कोणाला. मला नाय म्हायती."

त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. खात्याने तिला संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करण्यास सांगितले होते. मी बाहेर गेलो, तेव्हा तिने एवढेच विचारले, "जमादार, सामान बांधू की थांबू?" मी म्हणालो, "थांबा." अधिकार नव्हता, तरी म्हणालो.

त्याच दुपारी बसस्टँडवरच्या एका हॉटेलवाल्याने खबर दिली. येळवशीच्या संध्याकाळी बागेकडून एक पांढरा टेम्पो ताडपत्री बांधून गेला होता. साहेबांना वाटले, माल राज्याच्या सीमेपलीकडे गेला. जुन्या दगडांना हैदराबादेत गिऱ्हाईक असते. देगलूरच्या नाक्यावर निरोप गेला. मी मात्र गाडीचा माग गावातूनच काढला. आमच्या भागात टेम्पो लपत नाही, प्रत्येकाच्या मागे मालकाच्या पोरांची नावे लिहिलेली असतात.

चालक सापडला आणि हसायला लागला.

"ताडपत्रीखाली काय असणार जमादार? भांडी, सतरंज्या आन् झोपलेली म्हातारी माणसं. नांदेडच्या गुरुजींचं बिऱ्हाड व्हतं."

"दगड नव्हते?"

"दगड कशाला नेतो? नांदेडात काय दगडाला तोटा हाय?"

मी गुरुजींच्या घरी गेलो. गुरुजींनी चाळीस वर्षे वर्गावर रागावण्यात घालवली असावीत, माझ्यावरही रागावले.

"चोरी? आमच्या घरी चोरीची चौकशी? अहो, आमचं रान मुलांच्या शिक्षणापायी विकलं. पण येळवस एकदाही चुकवली नाही. यंदा कुणाच्या रानाचं जमेना, म्हणून बागेत आलो."

"बागेत काय केलं?"

"काय करणार? तो पहारेकरी म्हणाला, आत चूल पेटवायची नाही, कोप करायची नाही. त्याचा नियम बरोबर होता. मग पडक्या भिंतीपलीकडच्या शेतकऱ्यानं हाक मारली, गुरुजी, इकडं या, रान काय माझ्या एकट्याचं हाय का."

इतक्यात आतून काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, पाणी घेऊन आल्या. त्यांनी मला ओळखले.

"अहो, हे तर आपले जमादार. भज्जीला तिखट कमी पडलं म्हणत होते."

मलाही आता आठवले; त्या दिवशी कित्येकांनी जेवायला बोलावले होते, चेहरे लक्षात राहिले नव्हते. मी बंदोबस्तावर असताना गुरुजींनीच मला भिंतीवरून हाक मारली होती, मी त्या कोपीत जेवलो होतो आणि आंबील दोनदा घेतली होती.

"काकू," मी विचारले, "तुमचं रान नाही, तर पांडवांसाठी दगड कुठून आणले?"

"आणले कुठं? मांडलेलेच होते की. बागेत चिंचेखाली ओळीनं पाच, वर गोणपाट घातलेलं. कुणीतरी पांडव मांडून पूजा न करताच गेलं असणार. येळवशीच्या दिवशी मांडलेले देव तसेच टाकून कसं जायचं? एकेक करून ओटीत घेऊन गेले मी कोपीत. तुम्ही स्वतः पाया पडला की त्यांच्या."

 पाया पडलो होतो, हे सत्य आहे. कोपीत अंधार होता, दगडांवर चुन्याचा जाड थर होता, आणि पांडवांच्या अंगावरच्या पाकळ्या मोजणारा मनुष्य मी आजवर पाहिलेला नाही.

ठाण्यात परत येऊन मी मामांजवळ बसलो. साहेबांना म्हणालो, मला बोलू द्या.

"मामा, पाच दगड चिंचेखाली ओळीनं तुम्हीच ठेवले ना?"

त्याने चेहरा झाकून घेतला. मग त्याने सगळे सांगून टाकले. जोड सुटल्यामुळे कळ्या हलत होत्या. त्याने तोंडी सांगितले होते, कोणी लक्ष दिले नव्हते. येळवशीला गर्दी होणार, पोरे कठड्यावर चढणार, एखादी कळी कोणाच्या पायावर पडणार. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यानेच पटाशीने त्या सोडवल्या आणि चिंचेखाली झाकून ठेवल्या. येळवशीच्या संध्याकाळी गर्दी ओसरली, तेव्हा नुसते गोणपाट उरले होते.

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"परवानगीशिवाय दगड हलवायचा नाय, असा नियम हाय जमादार. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. नाय सांगितलं तर चोर झालो."

साहेब म्हणाले, "पण ओळीनं कशाला ठेवलेस? ढीग करायचा होतास."

"नीट दिसावं म्हणून साहेब. आमच्याकडं काय पांडव मांडत नाय."

हाच या प्रकरणातला खरा पेच होता. इथल्या मनुष्याने येळवशीच्या आदल्या दिवशी पाच गोल दगड झाडाखाली ओळीने कधीच ठेवले नसते. आणि ठेवलेले दिसले, तर इथल्या मनुष्याने त्यांना दगड कधीच समजले नसते.

माल भिंतीपलीकडे, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात होता. आमचा पंचनामा भिंतीशी थांबला होता. पलीकडे वीस पावलांवर कोप उभी होती. त्या ठाण्याला कळवून आम्ही गेलो. शेतकरी कोपीच्या तोंडाशी उभा राहिला.

"साहेब, माल तुमचा आसंल. पर ह्यांची पूजा झाली हाय. बूट घालून आत येऊ नका, आन् हात म्या लावणार न्हाई."

हात कोणीच लावेना. पंचसुद्धा मागे सरले. शेवटी काकूंना नांदेडहून आणले. त्यांनी हळदकुंकू वाहिले, देवांची परवानगी मागितली, आणि एकेक कळी मामांच्या हातात दिली. "तुम्हीच मांडले होते, तुम्हीच न्या," असे त्या म्हणाल्या. आमच्या साहेबांनी बूट काढून भिंतीवर ठेवले होते.

चोरी झालीच नव्हती. गैरसमजातून फिर्याद दाखल झाल्याचा अहवाल आम्ही न्यायालयात पाठवला आणि तो मंजूर झाला. पोलिसांपुरते प्रकरण संपले.

या प्रकरणाने मला असे शिकवले की, माणूस खोटे बोलतो तेव्हा तो गुन्हाच लपवत असतो असे नाही. पुष्कळदा तो आपले एखादे चांगले काम लपवत असतो, कारण ते काम नियमात बसलेले नसते. पटाशीला लागलेला चुना पाहून मीही त्याला चोर ठरवला होता. पंचनाम्यात चुना लिहिता येतो, हेतू लिहायला रकाना नसतो.

खात्याने मात्र परवानगीशिवाय दगड हलवले, या कारणास्तव त्याला कामावरून दूर केले. खोली गेली. हल्ली तो लोह्यात भाड्याने राहतो आणि एका गोदामावर पहारा देतो. कळ्या सिमेंटने बसवल्या आहेत. त्यांच्या पाकळ्यांच्या खाचांत काव अजून आहे आणि बाग पाहायला येणारी माणसे, का ते ठाऊक नसताना, तेथे फुले ठेवून जातात.

त्याचे अर्ज मीच लिहिले, फी न घेता. उत्तर आले नाही. सबब, हे लिखाण हाच अर्ज समजावा. सदर इसमास त्याच बागेत त्याच कामावर परत घ्यावे. साक्षीस गुरुजी, काकू, टेम्पोचालक, शेतकरी आणि मी हजर राहू. काहीही ठरो, लेखी कळवावे आणि येत्या वेळ अमावास्येपूर्वी कळवावे. त्या दिवशी आम्ही सगळे भिंतीपलीकडे जेवायला जमतो, मामाही येतात, आणि काकू त्यांना वाढताना दरवर्षी एकच विचारतात, "आलं का हो उत्तर?" यंदा मामांना हो म्हणता यावे, ही नम्र विनंती.