कागदाचा कान

माझ्या चुलतीला फसवलं ते गेल्याच्या गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, जतकडच्या आमच्या वस्तीवर. मेंढरांच्या पाठीवरचा गुलाल ओला होता. ओवाळून झालं आणि तिच्या अकराच्या अकरा मेंढ्या टेम्पोत चढल्या. फसवणारा आमच्याच भावकीतला, कुपवाडला कारखान्यात सुपरवायझर. ज्या पत्रकावर विसंबून तिनं मेंढ्या विकल्या, ते पत्रक मी लिहिलं होतं.

पत्रक मोबाइलवरच्या एका खेळाचं होतं, त्यानंच माझ्याकडून लिहून घेतलेलं. त्यात चित्रातली मेंढरं विकत घ्यायची. कुठली मेंढी कुणाची याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे असंख्य संगणकांत एकाच वेळी ठेवलेल्या, कुणालाच खोडता न येणाऱ्या वहीत. परदेशातली पोरं खेळून ती वाढवणार, कोकरं निम्मी त्यांची, निम्मी आपली. मोर्च्यांची पत्रकं लिहून माझा हात बसलेला. कुठला शब्द माणसाच्या काळजाला लागतो ते मला कळतं. मी ठळक लिहिलं: अर्धलीनं मेंढरं द्या.

आमच्याकडं त्या शब्दाला वजन आहे. मालक मेंढी देतो, दुसरा राखतो, कोकरं निम्मी-निम्मी. मेंढी मेली तर राखणारा तिचा कान कापून मालकाला नेऊन दाखवतो. मेली, विकून खाल्ली नाही, याची ती खूण. चुलतीनं उभा जन्म दुसऱ्यांची मेंढरं राखली, फडक्यात कान बांधून दारोदार उभी राहिली. वाट्याला आलेल्या कोकरांतून त्या अकरा उभ्या केल्या होत्या. आता आपण मालकीण व्हायचं, कुणीतरी आपल्या दारात यायचं, एवढीच तिची हौस.

विक्रीचे पैसे खेळातल्या अकरा मेंढ्यांसाठी त्याच्या हातात देताना, टेम्पोपाशी तिनं विचारलं, "आन् मेली तर रं?"

"काकी, ही मरतच न्हाईत," तो म्हणाला.

या डिसेंबरात असल्या खेळांच्या धंद्यानं आपल्या वर्षाचा आढावा काढला. इंग्रजीत, गुळगुळीत. कमकुवत खेळ गळाले, बाजार निकोप झाला, आता बांधणीचा काळ. मी तो चुलतीला मराठीत सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात माझ्या मेंढरांचं काय लिवलंय?" काहीच नव्हतं.

म्हणून आमच्या वस्तीचा आढावा मी लिहितो. संक्रांतीला तिच्या मोबाइलवर कोकरं झाली, तिनं बायकांना दाखवली. शिमग्याला, कोकरांचे पैसे ज्यात मिळायचे त्या खेळातल्या नाण्याचा भाव कोसळला, कोकरं घ्यायला कुणी राहिलं नाही. बेंदराला परदेशातली पोरं खेळ सोडून गेली. गणपतीत कंपनीनं खेळच बंद केला. पडदा पांढरा. पण वहीत नोंद आजही आहे: अकरा मेंढ्या, चुलतीच्या नावावर. ती कुणाला खोडता येत नाही, तेवढं मी खरं लिहिलं होतं.

नवरात्रात ती कुपवाडला गेली, मी सोबत. कारखान्याच्या गेटसमोर चहाच्या गाड्यावर तो सापडला. खेळ मेला, आता काही होत नाही, असं त्यानं तिला समजावलं.

"मेली म्हंतोस न्हवं," चुलती म्हणाली, "मग कान दाव."

त्यानं स्कूटरच्या डिकीतून माझंच पत्रक काढलं. दुधाच्या पिशव्या कापायची कात्री गाड्यावरून उचलली आणि चित्रातल्या मेंढीचा कान कापून तिच्या तळहातावर ठेवला. "घ्या काकी. मालकीणबाई."

सगळा गाडा हसला. मीही हसलो. ते तिनं पाहिलं. तो कपटा तिनं पदराच्या गाठीत बांधला, जसे आजवर ती खरे कान बांधत आली तसाच.

आता ती परत दुसऱ्यांची मेंढरं राखते. गेल्या महिन्यात त्यातली एक दगावली, तर कान घेऊन सहा कोस चालत मालकाकडं गेली. गाड्यावरच्या त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, आढाव्याच्या वेळी विचारलं तेवढंच.

तक्रार द्यायला गेलो तर पुरावा मागतात. उरलेली पत्रकं त्यानं जाळली, माझ्याकडं एकही नाही, आणि चुलतीकडं फक्त तो कागदाचा कान. पण लोणंदच्या बाजारापासून जतपर्यंत ती पत्रकं आम्ही वाटलीत. तुमच्या फळीवर, डब्याखाली एखादं असेलच. लाज वाटते म्हणून ते फाडू नका. घेऊन जतच्या ठाण्यात या, ते कुणी हातात दिलं ते सांगा, आणि लिहिणारा कोण असं विचारलं तर माझ्याकडं बोट करा.