पिशवीतल्या चपला

वडशाला भर बाजारात मी कॉम्प्युटर क्लास चालवायचे. दारात सगळेच चपला काढायचे; शाळेतले एक गुरुजी मात्र आपल्या चपला पिशवीत घालून आत आणायचे आणि खुर्चीखाली सरकवायचे. रस्त्यावरून जाणाऱ्यानं ओळखल्या तर? सरकारनं मास्तरांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची केली होती, म्हणून ते भर दुपारी, क्लास रिकामा असताना यायचे. प्रत्येक बटणाआधी बोट हवेत थांबवून विचारायचे, "दाबू का, बाई? बिघडन तं नाई?" शाळेत म्हणे त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं पोरं गप्प होत.

उन्हाळ्याच्या सुटीत एकदा त्यांच्याच वर्गातली मुलगी लवकर आली. गुरुजी ताडकन उठले.

"मी तपासाले आलो. तू कर तुझं."

हात मागे बांधून ते तिच्यामागे उभे राहिले. त्यांच्या पडद्यावर त्यांचं नाव अर्धवट उमटलेलं होतं. तिनं ते पाहिलं. मग फळ्यासमोर उभं राहून सांगतात तसं, एकेक बटण सावकाश दाबत ती मोठ्यानं म्हणू लागली, हे असं लिहायचं, हे असं जपून ठेवायचं.

"बरोबर आहे ना जी, गुरुजी?"

"बरोबर," ते कसेबसे म्हणाले आणि घाईनं बाहेर पडले.

पिशवी खुर्चीखालीच राहिली. मी ती घेऊन दारात गेले. तापलेल्या डांबरावरून ते अनवाणी, टाचा उचलत चालले होते. हाक मारली असती तर साऱ्या बाजारानं वळून पाहिलं असतं. मी पिशवी पदराआड धरून तशीच उभी राहिले.