पाळण्यातला शब्द

शिवकांताअक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बीडमध्ये, आमच्या संघटनेच्या खोलीखालच्या एसटीडी बूथवर होतो. चौसाळ्याहून त्यांचे धाकटे भाऊ वैजनाथअप्पा बोलत होते. रडत नव्हते. "सुटली बघ," एवढंच म्हणाले... आणि मलाही हायसं वाटलं, हे लाज न बाळगता सांगतो. दम्यानं त्यांना शेवटी शेवटी इतकं पिळलं होतं की एक वाक्य पुरं करताना मध्येच थांबून श्वास गोळा करावा लागे. जी बाई आयुष्यभर वाक्यांवर जगली, तिला अर्ध्या वाक्यात अडकलेलं बघवत नव्हतं. मी आणि माझे वडील मातीला गेलो. त्यांच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणे अक्कांना बसवून समाधी दिली. मांडी घातलेली, पाठ ताठ. परतताना वडील म्हणाले, "बसल्या बी कशा, कोर्टात बसल्यावानी." त्या उन्हात, रस्त्याच्या कडेला, आम्ही बापलेक हसलो. अक्कांना ते आवडलं असतं.

अक्का वकील होत्या. चौसाळ्यात महामार्गाला लागून अप्पांचं किराणा दुकान, आणि त्याला चिकटून अक्कांची खोली. सकाळच्या एसटीनं बीडच्या कोर्टात जायचं, संध्याकाळी खोलीत बसायचं. स्वभाव तापट. पक्षकार उशिरा आला तर त्याला दारातच उभा ठेवत, आणि तोंडात गरम भजं असलं तर कुणाशीही बोलत नसत. माझी त्यांची ओळख भांडणातूनच झाली. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. चुलते चळवळीत होते, त्यामुळे लहानपणी उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपलो आणि त्यांच्याच कोऱ्या बाजूवर बाराखडी गिरवली. कॉलेजात गेलो तेव्हा देशाची दारं कंपन्यांना सताड उघडली जात होती. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण, म्हणजे आमच्या भाषेत 'खाउजा', याच्याविरुद्ध आम्ही गावोगाव पत्रकं वाटत होतो. चौसाळ्याच्या स्टँडवर एक पत्रक अक्कांच्या हाती पडलं. त्यावर माझी ओळ होती : 'सर्व करार रद्द करा!' मी अप्पांच्या दुकानात बिस्किटाचा पुडा घेत होतो, तोच मागून आवाज आला.

"ये पुढारी. सगळे करार रद्द?"

"सगळे," मी म्हणालो.

"मग तो पुडा परत दे."

मला कळेना. त्यांनी दुकानाच्या पायरीवर बसवून समजावलं. "अप्पानं साखरेच्या पोत्यावर भावाची पाटी खोचली, म्हणून त्यानं साखर तुला दिली असं होत न्हाई. पाटी म्हंजे नुसतं 'या, बसा'. तू म्हणलास, 'एक किलो द्या', हा झाला प्रस्ताव. त्यानं 'घे' म्हणून तराजू उचलला, हा स्वीकार. तू पैसे देणार, तो साखर देणार, हा मोबदला. दोघं सज्ञान पायजेत, शुद्धीवर पायजेत, कुणी कुणाचं मानगूट धरलेलं नसावं आन काम बेकायदा नसावं. झाला करार. बाकी जाडजाड पुस्तकं म्हंजे ह्याच्यावरची भांडणं."

मी अर्थातच भांडलो. शिरूर कासारकडची माणसं दर हंगामाला ऊस तोडायला निघतात, मुकादमासमोर उभ्या त्या माणसाची कसली आलीय मुक्त संमती? पोट मानगूट धरत नाही काय? इंग्रजीत छापलेल्या कागदावर अंगठा उठवणारा आणि तो कागद छापणारा, हे दोघं समान आहेत हे तुमच्या कायद्याचं गृहीतकच खोटं आहे! मला वाटलं होतं बाई चिडतील. अक्का म्हणाल्या, "खोटंच हाय. पण लिहून ठेवलेलं खोटं हाय बाळा, त्याला धरून भांडता येतं." त्या दिवसापासून मी चौसाळ्यात उतरलो की त्या खोलीत जायचोच.

आमचं घर मेंढपाळांचं. वडील पावसाळा सोडला तर मेंढरांमागे बालाघाटाच्या उतारावर असायचे. माझी धाकटी बहीण हिरा बारावीत होती तेव्हा तिच्या लग्नाचं बोलणं निघालं. म्हणजे निघालं असंही नाही, ते तिच्या बारशालाच होऊन गेलं होतं. धारूरकडे दिलेल्या माझ्या आत्याला, गयाबाईला, वडिलांनी शब्द दिला होता की हिरा तिच्या दत्ताला. हिराला नर्सिंगला जायचं होतं. ती घरात कुणाशी वाद घालत नव्हती, फक्त जेवण टाकत होती. मी वडिलांशी भांडून पाहिलं. "दिलेला शब्द हाय," ते म्हणत. शब्द मोडला तर आत्याचं माहेर तुटणार, पाळला तर हिरा संपणार. आणि या दोन्हींच्या मध्ये माझा बाप भाकरीचा घास हातात धरून गप्प बसायचा. मी माझ्या सवयीनं पत्रक लिहिलं, 'बालसोयरिकीचा धिक्कार असो', वडिलांच्या नावानिशी. त्यातला एक शब्दही मी आजवर मागे घेतलेला नाही. पण ते छापलं नाही, कारण आधी अक्कांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसत वाचलं आणि विचारलं, "तुझ्या आत्याला काय पायजे?"

"तिला सूनच पाहिजे की."

"तसं म्हणली ती?"

"म्हणायचं काय त्यात..."

"तिला बोलव. सगळ्यांनाच बोलव."

आत्या दत्ताच्याच जीपमधून आली. तो धारूर रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचा. खोलीत आम्ही दाटीवाटीनं बसलो. वडील भिंतीला टेकून, आत्या दाराशी, दत्ता उंबऱ्यात, हिरा माझ्या शेजारी. अक्कांनी साक्षीदाराला विचारावं तसं सुरू केलं.

"पहिलं कोण बोललं?"

"मीच," आत्या म्हणाली. "हिरीच्या बारशाला. मी म्हणले, दादा, ही माझ्या दत्ताला."

"आन तुमी?"

"मी म्हणलो, दिली," वडील म्हणाले.

"हिरा काय म्हणली?"

आत्या गोंधळली. "ती काय म्हणंल? बारा दिसाची हुती ती. रडत हुती."

"आन दत्ता?"

"त्यो घुगऱ्या खात हुता."

अक्कांना हसू आवरेना. "म्हंजे ज्यांनी नांदायचं त्यातलं एक रडत होतं, एक घुगऱ्या खात होतं. शब्द मात्र तुमी दिला आन तुमी घेतला. गयाबाई, ज्याचा शब्द त्यानंच द्यायचा असतो. दुसऱ्याच्या तोंडचा देता येत न्हाई."

वडील पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "ते कोर्टात, वकीलबाई. आमच्यात जीभ एकच असती. मी फिरलो तर ही माझ्या दारात पुन्यांदा पाय ठेवायची न्हाई."

अक्का आत्याकडे वळल्या. "खरं हाय का हे?"

आत्या खाली बघत राहिली. मला वाटलं, ही काही ऐकणार नाही, संपलं.

"गप बसू नका. गप बसण्याला कायद्यात होकार म्हणत न्हाईत," अक्का म्हणाल्या. आणि मग एकदम, शाळामास्तरासारखं, "बरं. आज, ह्या घडीला, हे लगीन ज्याला पायजे त्यानं हात वर करा."

बाहेरून एक ट्रक गेला. खोलीत एकही हात हलला नाही. हिरानं तर दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. वडील आत्याकडे बघत होते, आत्या वडिलांकडे.

"दादा, तू कावून वर करंना?"

"तू कावून न्हाई केला?"

"मला वाटलं तू करशील..."

"आन मला वाटलं तू!"

उंबऱ्यातून दत्ता म्हणाला, "मामा, ह्या हिरीला मी खांद्यावर घेऊन मेंढरामागं हिंडलोय. मला न्हाई वाटत तसं. आईला लई येळा म्हणलो. ती म्हणती, दादाला काय तोंड दाखवू?"

आत्यानं तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं रडतेय. रडतही होती, पण हसू जास्त होतं. "म्हंजी इतकी वर्षं आपुन दोघं कुणासाठी अडून बसलो हुतो रे दादा?" वडिलांनी मुंडासं सोडलं आणि त्यानं सगळं तोंड पुसलं, मान पुसली, पुन्हा तोंड पुसलं. मी माझ्या बापाचे खांदे इतके खाली आलेले कधी पाहिले नव्हते... ओझं उतरवल्यावर येतात तसे.

"दोघांनी मिळून बांधलेली गाठ दोघांनी मिळून सोडता येती," अक्का म्हणाल्या. "ह्याला मातूर कायद्याची पूर्ण मान्यता हाय." मग हिराकडे वळून, "आन तुला गं काय पायजे?"

हा प्रश्न आमच्या घरात तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता, आणि पहिल्यांदा विचारला तो घराबाहेरच्या बाईनं. "नर्सिंग," हिरा म्हणाली, इतक्या घाईनं की सगळे पुन्हा हसले. आत्या त्या दिवशी धारूरला परत गेली नाही. आमच्याकडे, माहेरी आली, आणि मुक्कामाला राहिली.

मी नंतर अक्कांना मोठ्या उत्साहानं म्हणालो, कायदा जिंकला की! तर त्या खेकसल्या. "कायदा कुठं लागला तिथं? मी फकत विचारलं. तुमी सगळे भाषणं करत होता." त्यांचं माझं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. कराराचा कायदा बलवानाच्याच घरचा आहे असं मी म्हणत राहिलो, आणि त्या म्हणत राहिल्या की मग दुबळ्यानं त्याच्या घरात घुसून का बसू नये. शेवटच्या भेटीतही यावरच बोललो. श्वास लागला तशी त्यांनी हातानंच खूण केली, 'उद्या'. तो उद्या आला नाही याचं मला दुःख नाही. आमच्यात न विचारलेलं काही शिल्लक नव्हतं.

हिरा आता एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. गेल्या आठवड्यात तिला भेटायला गेलो, तर आत रांग लागलेली. हिरा सुई भरते, हातात धरते आणि विचारते, "देऊ का?" आणि थांबते. खरंच थांबते. म्हातारे वैतागतात : "अगं, घ्यायलाच आलतो न्हवं!" तरी ती समोरचा 'हं' म्हणेपर्यंत हात पुढे करत नाही. रांग तिच्यामुळे हळू सरकते, डॉक्टर कुरकुरतात. एक लहान पोर आईच्या कडेवर होतं. त्यालाही तिनं तितक्याच गांभीर्यानं विचारलं, "देऊ का रे?"

"न्हाई!" पोर ओरडलं.

मी म्हणालो, "आता काय करशील?"

"आता त्याच्या आईला विचारते," हिरा म्हणाली. "सज्ञान न्हाई ना ते अजून." आणि सुई तशीच उभी धरून ती त्या बाईच्या तोंडाकडे बघत थांबली.