वाटूरचे पांढरे पट्टे

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जालन्याच्या स्टँडवर मी रंगाचा डबा पायांत धरून एस.टी.त बसलो तेव्हाच कंडक्टर म्हणाला, "सायब, सांडलं तर पुसायचं तुम्ही." सांडलंच! एमआयडीसीतला कारखान्यांचा धूर मागे पडला, गाडी खड्ड्यात आदळली आणि वाटूरला मी उतरलो तो अर्ध्या पांढऱ्या पँटनं.

दिल्लीहून रस्ता सुरक्षेचं धोरण आलं होतं. शहरांत शाळांसमोर पांढरे पट्टे आखा, स्थानिक लोकांना सोबत घ्या. पुण्याच्या एका संस्थेतर्फे मी ते काम करीत होतो. वाटूर काही शहर नव्हे, पण तिथल्या शिक्षिका साळवे बाईंनी पत्रातून विचारलं होतं, "गाड्या तर शहरातूनच येतात ना?" यावर आमच्या साहेबांनी मला वाटूरला धाडलं. रस्त्यापलीकडच्या वस्तीवरची एक मुलगी ट्रकखाली येता येता वाचली होती. पुन्हा असं झालं तर पोरी शाळेत पाठवणार नाही, असं आईबापांनी बाईंना बजावलं होतं.

संध्याकाळी दोन मजुरांना घेऊन पट्टे मारले. बाईंकडे भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) हाणली आणि गाढ झोपलो.

सकाळी पाहतो तर प्रत्येक पट्ट्यावर एकेक दुकान! कुठे वांगी, कुठे मिरच्या. बाजाराचा दिवस होता आणि ट्रक निमूटपणे थांबून वाट काढत होते.

"मावशी, हा रस्ता ओलांडायचा पट्टा आहे," मी वांगीवाल्या कौसाबाईंना म्हटलं.

"आँ? दर बाजाराला पंचायत फक्की (चुन्याची भुकटी) मारून जागा आखती. मला वाटलं, औंदा पक्का रंग देल्ला!"

बाईंनी पोरींचं सांगितलं. "मंग आधी सांगायचं न्हाई का?" म्हणत कौसाबाईंनी पाटी उचलली आणि बाकीच्यांनाही उठवलं.

पाचला शाळा सुटली. पट्टे मोकळे, पोरी काठाला, आणि ट्रक मात्र सुसाट. मला भयंकर लाज वाटली. टपरीवर चहा पिणाऱ्या एका ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, "सकाळी बाजार बसल्ता, म्हणून थांबल्तो. आता कशाला थांबू?"

हे कौसाबाईंनी ऐकलं. रिकामी पाटी डोक्यावर घेऊन त्या सरळ पट्ट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. "बाजार हाय! थांब रे!" ट्रक करकचून थांबला. पोरी हात धरून पळत पलीकडे गेल्या.

पुण्याला परतलो तरी काळजी होतीच. बाजार आठवड्यातून एकदा, शाळा रोज. महिन्याभरानं बाईंचं पत्र आलं. रोज सकाळी शाळा भरताना आणि पाचला सुटताना कौसाबाई पाटी घेऊन येतात, पाच मिनिटं 'बाजार' भरवतात. एकही पोरगी घरी बसलेली नाही. शेवटी बाईंनी भीतभीत विचारलं होतं, "हे दिल्लीच्या नियमात बसतं का?"

वाचताना डोळे भरून आले. साहेबांना न विचारताच मी उलटटपाली लिहिलं, "बसतं."