पुराचा मागमूस नसलेलं घर

आमचं घर पुरात बुडालं होतं, याचा आज कुठेही लेखी पुरावा नाही. ते बुडालं नव्हतं, याचा मात्र आहे. टाइप केलेला, शिक्क्यासह!

त्या वर्षांत अकोला चारी बाजूंनी वाढत होतं. काल जिथे कपाशी उभी होती, तिथे आज चुन्याच्या रेघा दिसायच्या आणि त्या रेघांना लोक प्लॉट म्हणायचे. मी तहसील कचेरीत नकलनवीस होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनींच्या नकला उतरवायच्या आणि संध्याकाळी जुन्या शहरातल्या भाड्याच्या एका खोलीत माय, माझी बायको सुमन आणि मी असे तिघं दाटीवाटीनं बसायचो. अशा माणसाला रिकामी जमीन दिसली की तो वाहवतो. (पुढे खरोखरच वाहवलो, पण ते नंतर.)

प्लॉट पाहिला तो फाल्गुनात. शेजारून नाला गेला होता. त्यात पाणी नव्हतं, शेळ्या होत्या. काठावर पळस फुलला होता. मी तिथेच एका दगडावर बसलो आणि मनात घर बांधूनही टाकलं. समोर ओसरी, ओसरीत वेताची खुर्ची, खुर्चीत मी, आणि पायाशी झुळझुळ वाहणारा ओढा!

वरच्या अंगाचा प्लॉट शेषरावांनी घेतला होता. हिवरखेडचे शेतकरी, पोरांच्या शाळेसाठी अकोल्यात आलेले. ते माझ्याकडे बघत राहिले.

"बाबू, नाल्याच्या तोंडाशी काहून घेता प्लॉट?"

"दृश्य बघा ना शेषरावजी! दृश्य!"

"पाहून राह्यलो. पावसाळ्यात थे घरात येते."

मी हसलो. शेतकऱ्याला सौंदर्यदृष्टी नसते, असं तेव्हा माझं मत होतं.

घर झालं. दोन खोल्या आणि मागे मायची खोली. जन्मात पहिल्यांदा तिला स्वतःची खोली मिळाली होती. ती दिवसातून चारदा नुसतीच आत जाऊन बसायची. काय करतेस, विचारलं तर म्हणायची, "काई नाई. बसून राह्यली."

वास्तूत पाऊल टाकलं आणि चांदूर रेल्वे या गावाहून सुमनचे थोरले भाऊ, गुलाबभाऊ, आले. ते नुकतेच विमा एजंट झाले होते. नव्या एजंटाचं पहिलं गिऱ्हाईक कोण, हे सांगायला नको.

"आग, वीज, पूर, सारं याच्यात हाय, जवाईबापू. निस्ती सही करा! पन एक ध्यानात ठेवजा. उद्या नुकसान झालंच, तर साहेब पाहून जाईपर्यंत घरात कशालेच हात लावू नोका."

मी सही करून मान डोलावली. खरं सांगायचं तर मी तेव्हा खिडकीतून ढग बघत होतो. एका ढगाचा आकार हुबेहूब आमच्या हेडक्लार्कसारखा झाला होता.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. पहाटेपासून मी एका मोठ्या सुंदर स्वप्नात होतो. मी नावेत निजलो आहे, नाव हलके हलके डुलते आहे, पाण्यावर कोवळं ऊन आहे, आणि लांबून कुणीतरी बाई मला प्रेमानं हाका मारते आहे. मी कूस बदलली. हात खाली गेला, तो गार पाण्यात!

"अवो, उठा! बाज तरंगून राह्यली!" सुमन मायला धरून ओट्यावर उभी राहून ओरडत होती. किती वेळ ओरडत होती, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

पण काय सांगू, दृश्य खरंच छान होतं. उजाडत होतं. पाणी कमरेच्या खाली, शांत, चहाच्या रंगाचं. आमचे स्वयंपाकाचे पितळी गंज संथपणे या खोलीतून त्या खोलीत चालले होते. माझी एक चप्पल दारापर्यंत गेली, थबकली आणि बाहेर पडली. मी बाजेवर मांडी घालून बघतच राहिलो. शेषरावांनी मला दंडाला धरून ओढून नेलं नसतं, तर मी चपलेमागोमाग मोर्णा नदीला लागलो असतो.

"आलं का दृश्य?" शेषराव एवढंच म्हणाले.

दुपारपर्यंत पाणी ओसरलं. मागे राहिला वीतभर गाळ, दोन बेडकं आणि मायच्या खोलीची मागची भिंत. ती पोट सुटल्यासारखी बाहेर फुगली होती आणि तिला वरपासून खालपर्यंत हात जाईल एवढी भेग पडली होती. ती भिंत पुन्हा बांधण्याइतकी आमची ऐपत नव्हती. विमा मिळाला तर मायची खोली राहणार, नाहीतर माय पुन्हा आमच्या पायाशी चटईवर. सगळं त्या भिंतीवर अवलंबून होतं.

मी कंपनीला कळवलं. आठवड्यानं पोस्टकार्ड आलं. मुंबईचे साहेब बुधवारी पाहणीला येणार. मी ते मोठ्यानं वाचलं आणि तिथेच चूक झाली.

"साहेब?" मायचे डोळे मोठे झाले. "घरात येनार? आत?"

"आत आल्याशिवाय कसं बघतील?"

माय घरभर नजर फिरवू लागली. आमच्या गावी साहेब लोक आमच्या वस्तीच्या तोंडाशी उभे राहून, तिथूनच चौकशी करून परत जायचे. कुणी आत आलं नाही, कुणी पाणी मागितलं नाही. दीक्षा घेऊन, मी शिकून नोकरीला लागून इतकी वर्षं झाली, तरी तिच्या मनातला तो साहेब अजून तसाच वस्तीबाहेर उभा होता. तिनं पदर खोचला.

"माय, दादा म्हनत होते, कशाले हात लावू नोका," सुमन घाबरत म्हणाली.

"तुह्या दादाले म्हन, माह्या घरी साहेब येऊन राह्यला. त्याले का चिखलात बसवू?"

मी घरातला कर्ता पुरुष. मी काय केलं? मी बाजारात जाऊन सहा कपबश्या आणल्या. निळ्या फुलांच्या!

मंगळवारी कचेरीतून आलो, तो घर ओळखू येईना. गाळ गेला होता. जमीन सारवली होती. भिंतींवरची पाण्याची रेघ चुन्याखाली गडप झाली होती. अंगणात सडा-रांगोळी. ओल्या गाद्या, फुगलेली पेटी, माझी भिजलेली पुस्तकं, सगळा म्हणजे सगळा पुरावा शेषरावांच्या गोठ्यात! त्यांच्या घरच्या खुर्च्या आमच्या घरात. आणि मायच्या खोलीतल्या त्या भेगेपुढे त्यांचं शिसवी कपाट, वरून विणलेला रुमाल टाकून.

"चार गडी लागले," शेषराव घाम पुसत म्हणाले. "पन आता काईच दिसत नाई. मले तर वाटते, पूर आल्ताच नाई!"

बुधवारी साहेब टांग्यातून उतरले. हातात फाइल, पायात गमबूट! चिखलाच्या तयारीनं आलेला तो भला माणूस दारातच थांबला आणि बूट काढू लागला.

"इथे पाणी आलं होतं ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"आल्तं ना, साहेब!" माय म्हणाली. "पन आमी का थे घरात राहू देतो?"

तिनं पितळी पेल्यात पाणी दिलं. साहेब प्यायले. मग म्हणाले, "आणखी द्या हो आजी, गोड आहे पाणी." माय दुसरा पेला आणायला वळली, तेव्हा तिचा चेहरा मला दिसला. मला रडूच यायला लागलं. साहेबांनी पेन्सिल काढून "नुकसान दाखवा" म्हटलं, तेव्हा माझं लक्ष कपाटाकडे गेलं, मायकडे गेलं, आणि मी सुमनला चहा टाकायला सांगितलं.

मग कोथिंबीर भरलेल्या गरम सांबारवड्या आल्या. निळ्या फुलांच्या कपांतून चहा आला. साहेब भिंतीशी रेलून बसले (पुढच्या!) आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "किती शांत आहे हो इथे. निवृत्त झाल्यावर असंच घर हवं. शेजारचा प्लॉट रिकामा आहे का?"

झालं! मी मनानं तिथून निघालोच. साहेब आमचे शेजारी. संध्याकाळची वेळ, वेताच्या दोन खुर्च्या, पळस फुललेला, ओढा झुळझुळतो आहे, आणि माय दोघांना पाणी देते आहे...

"घ्या ना, साहेब!" मी म्हणालो. "डोळे मिटून घ्या. पाण्याचा काही त्रास नाही इथे!"

सुमनच्या हातातली बशी खाली पडली. सहाच्या पाच झाल्या.

साहेबांनी मायला नमस्कार केला, टांगा निघाला, वळणावरून दिसेनासा झाला. आणि मागे धडाम्‌ आवाज झाला. मायच्या खोलीची भिंत बसली होती. नशिबानं बाहेरच्या बाजूला. शिसवी कपाट रुमालासकट उभं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नाला, शेळ्या आणि मोकळं आकाश.

माय पुढे झाली, विटांच्या ढिगाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "शहानी भित हाय. पाहुना जाईपर्यंत थांबली."

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. घराची निगा उत्तम, पुराचा मागमूस नाही, सबब भरपाई देता येत नाही. खाली पुरावा म्हणून अवतरणात घरमालकाचं विधान: "पाण्याचा काही त्रास नाही इथे!" उद्गारचिन्हासकट.

भिंत आम्ही दर रविवारी थोडी थोडी, हातानं बांधली. पूर्ण व्हायला चैत्र उजाडला. तोवर माय कपाटामागे निजली, पण आपल्याच खोलीत. ते पत्र आलं त्याच दिवशी तिनं मला ते, आपल्या खोलीत मागच्या भिंतीवर लावायचं म्हणून, चौकट करून आणायला लावलं. साहेबांनी आपल्या घराला उत्तम म्हटलं, एवढंच तिला त्यातलं कळलं होतं.

चौकट मी दुसऱ्याच दिवशी, हौसेनं, वर काच लावून आणली. खिळा कुठे ठोकायचा, हा प्रश्न मला घरी पोचल्यावर पडला.