गुरुवारचा केक

तुमच्या गेल्या वाढदिवसाला टाळ्या कुणी वाजवल्या? घरच्यांनी, मित्रांनी, की ज्यांची नावं तुम्हाला आजही माहीत नाहीत अशा तीस मुलींनी?

तिसरं उत्तर असेल तर आपली भेट झालेली असू शकते. टाळ्यांच्या मागे पाण्याचा जग घेऊन, कपाळाला आठ्या घालून जी उभी होती ती मी.

देहूरोडच्या अलीकडे मुलींचं एक बालगृह आहे. काहींना आईवडील नाहीत. काहींचे आहेत, पण त्यांना सांभाळणं जमत नाही. तिथे मी दोन वर्षं गणित शिकवायला जाते आहे. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे शहराला कणव येते तीही गुरुवारीच. एकदा एकाच गुरुवारी पाच केक आले. मुलींनी पाचही वेळा तितक्याच उत्साहाने वाढदिवसाचं गाणं म्हटलं. गाण्यात पाहुण्यांचं नाव घ्यायची जागा आली की मुली सगळ्या मिळून काहीतरी पुटपुटायच्या. पाहुण्यांना ते आपलंच नाव वाटायचं. मग फोटो. शुक्रवारी सकाळी उरलेला केक चहाबरोबर, आणि सोमवारपर्यंत डाळ पातळ होत गेलेली.

मुलींचा स्वतःचा वाढदिवस? बऱ्याच जणींचा एक जूनला. जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत एक जून लिहून मोकळं व्हायचं, ही आपली जुनी सोय. त्या दिवशी शाळा बंद असतात, लोक गावी गेलेले असतात, आणि तो गुरुवार असेलच असं नाही.

हे सगळं मला खुपायचं. मला खुपायला फार लागत नाही. माझे वडील तीस वर्षं मशीनवर उभे राहिले, आणि दापोडीच्या आमच्या दीड खोलीत युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांची कोरी पाठ ही माझी रफ वही. ‘कमळ’, ‘बदक’ वाचायच्या आधी मी ‘कामगार बंधूंनो’ वाचलं. त्यामुळे उद्गारचिन्हाशिवाय मला जग नीट दिसत नाही.

गेल्या दिवाळीनंतर चाकणच्या कंपन्यांत मंदी आली. कंत्राटी लोकांना एकामागून एक ‘ब्रेक’ मिळाला. ब्रेक म्हणजे कामावरून काढलेलं नसतं, फक्त या म्हणून सांगितलेलं नसतं. बालगृहाला धान्य देणारे हात आखडले. दोन काळजीवाहकांपैकी एक गावाला निघून गेली. उरल्या एकट्या मावशी, मूळच्या लातूरकडच्या. तीस जणींचा स्वयंपाक, तीस जणींचे ताप, तीस जणींची भांडणं. केक मात्र येतच राहिले.

एका गुरुवारी मावशी पोळ्या लाटता लाटता भिंतीला टेकून बसल्या, आणि बाहेर पाहुणे हाक मारत होते, “मावशी, सुरी कुठंय सुरी?” त्या दिवशी घरी जाऊन मी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘आमचं बालपण तुमच्या मेणबत्त्यांसाठी नाही!’ त्याखाली दयेचा निषेध, दिखाऊपणाचा निषेध, क्रीमचाही निषेध. बालगृह चालवणाऱ्या काकू चष्मा शोधेपर्यंत मी ते फाटकावर चिकटवलंसुद्धा, आणि देणगीदारांच्या ग्रुपवर टाकलं.

पत्रक कमालीचं यशस्वी झालं. पुढच्या गुरुवारी एकही केक आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. केकबरोबर येणारं पीठ नाही, नळ दुरुस्त करून देणारे सांगवीचे काका नाहीत. माझ्या आयुष्यातलं हे पहिलंच आंदोलन, ज्यात समोरच्याने सगळं लगेच मान्य केलं.

“तुमचं कागद वाचून लोक पळाले की ओ ताई,” मावशी म्हणाल्या. “आता त्या निषेधाची भाजी करू का उसळ?”

पहिलीतली एक मुलगी माझ्या ओढणीला धरून उभी होती. “ताई, केकवाले तुझ्याशी कट्टी आहेत का?”

“माझ्याशी नाही गं. आपल्या तत्त्वाशी.”

“मग तत्त्वाला सॉरी म्हणायला सांग ना.”

त्याच महिन्यात तपासणीला अधिकारी बाई आल्या. त्या रागीट वगैरे नव्हत्या, उलट मावशींच्या हातचा चहा त्यांनी उभ्यानेच संपवला आणि कप स्वतः विसळला. पण त्यांनी सरळ सांगितलं की सर्वात लहान सहा मुलींकडे एकटी बाई बघू शकत नाही. महिन्याभरात दुसरी व्यवस्था दिसली नाही तर त्या सहा जणींना दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात हलवावं लागेल.

त्या सहांत ती ओढणी धरणारी होती. तिची मोठी बहीण इथेच दहावीत. ती रडली नाही. मला एवढंच म्हणाली, “तिला वेणी मीच घालते. दुसऱ्या कुणी घातली तर ती सोडून टाकते. तिथे हे कोण सांगणार?”

मी पत्रक घेऊन वडिलांकडे गेले. खरं तर शाबासकी हवी होती. त्यांनी ते लांब धरून दोनदा वाचलं, उलटवून पाठही पाहिली.

“निषेध झकास आहे. मागणी कुठाय?”

“म्हणजे?”

“अगं, पत्रकाच्या शेवटी मागणी असते. काय नको ते तू लिहिलंस. काय हवंय ते कोण लिहिणार, मॅनेजमेंट?”

एवढी पत्रकं वाचून मी वाढले, पण शेवटचा परिच्छेद कधी वाचलाच नव्हता. त्याच्या पाठीमागेच माझी गणितं असायची बहुतेक.

“काय हवंय तिथं?” त्यांनी विचारलं.

“माणसं. दुपारी दोन ते सहा. रोज दोन बायका.”

“मग ब्रेक मिळालेल्यांना विचार की. आपल्याच गल्लीत चार आहेत.”

“बाबा, काम गेलेल्या बायकांकडून फुकट काम करून घ्यायचं? हे शोषण आहे!”

“विचार तरी. नाही म्हणायला त्यांना तोंड आहे.”

मी घरोघर गेले. आमच्या गल्लीतल्या चौघी, बौद्धवस्तीतली एक, पलीकडे गॅरेजवाल्याच्या घरातली एक मुसलमान वहिनी, असं करत नऊ जणी झाल्या. एकीने माझं शोषणाचं भाषण मधेच तोडलं. “बाई, घरात बसून सासूचं ऐकते ते काय पगारी आहे का? वार सांग.” त्यांनी आपसात कंपनीसारख्या पाळ्या लावल्या. पहिल्याच दिवशी वहिनीने त्या पहिलीतल्या मुलीची वेणी घातली. मुलीने ती सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली. चौथ्या दिवशी राहिली.

अधिकारी बाईंनी नोंदवही पाहिली, रोज दोन नावं, दोन सह्या. “शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुली इथेच राहू द्या असं मी लिहिते,” त्या म्हणाल्या. “पण जूनमध्ये मी पुन्हा येणार. तेव्हाही ही वही भरलेली हवी.”

आणि मग आली आनंदाची बातमी. चाकणला ऑर्डरी वाढल्या, ब्रेक संपले, नऊपैकी सात जणींना बोलावणं आलं, उरलेल्या दोघींना दुसरीकडे काम मिळालं. त्या पेढे घेऊन निरोपाला आल्या. ज्या दिवसासाठी मी जन्मभर घोषणा दिल्या तो दिवस उजाडला, आणि पेढा खाताना मी कोऱ्या नोंदवहीकडे बघत होते. वहिनी तेवढी म्हणाली, “गुरुवारी सुट्टी असते. गुरुवारी मी आहे.”

म्हणजे गुरुवार पुन्हा भरला. बाकीचे वार मोकळे आहेत आणि जून तीन महिन्यांवर आला आहे. दहावीतली बहीण पेपर देऊन आली की आधी ती वही उघडून बघते, मग जेवते.

फाटकावरचं जुनं पत्रक मी स्वतः खरवडून काढलं. डिंक चांगला होता, मथळ्यातलं ‘आमचं’ अजून निघालेलं नाही. ते राहू दे. नव्या पत्रकात निषेध नाही, फक्त मागणी आहे, आणि ती तुमच्याकडे आहे. तुमच्या घराजवळ असंच एखादं बालगृह असेल. तिथे आधी विचारून जा. ओळखपत्र मागतील, नाव लिहून घेतील, राग मानू नका. गुरुवार सोडून एक वार निवडा, दुपारचे दोन तास द्या, पोळ्या लाटा, पाढे घ्या, वेणी घाला. मग पुढच्या आठवड्यात त्याच वारी पुन्हा जा. वेणी पहिल्या दिवशी सोडली जाईल. चौथ्या दिवसापर्यंत थांबा.

केक आणायचाच असेल तर एक जूनला आणा. त्या दिवशी गाण्यात घ्यायची नावं मी तुम्हाला लिहून देईन.